दोन घरांची सवारी

चांद्या, भांडण अर्ध्यात टाकून जायची तुझी खोड लहानपणापासूनची. गोट्यांत हरायला लागला की अम्मानं मारलेली हाक तुला एकट्यालाच ऐकू यायची, आमाला कोणालाच न्हाई. पण या वेळेस तू हद्द केली. बुधवारी हॉटेलाच्या बाकड्यावर मी तुला सरळ विचारलं, "सवारी पुन्हा बसवतो का न्हाई, एक काय ते सांग." तू बशीतला चहा संपवला, टोपी नीट केली अन् म्हणाला, "नमाज का टाइम हो गया, उद्या बोलू." अन् गुरुवारी सकाळी तुझ्या सलीमचा फोन. "काका, अब्बा गुजर गए."

हे काही बराबर केलं न्हाई तू.

मला लिहायची सवय न्हाई. चौथी झाली अन् बापानं मोंढ्याच्या बाजारात पोत्याखाली घातलं, तिथंच पाठ वाकली. शेजारचे मास्तर म्हणाले, "पिराजीराव, तुमी सांगा, मी चांगल्या भाषेत लिहून देतो." मी म्हणालो, न्हाई. त्यांच्या चांगल्या भाषेत तू कैलासवासी होशील अन् तिकडून मला शिव्या घालशील. माझं मी लिहितो. वेळ लागला तर लागू दे.

आपली गल्ली कशी होती हे आता सांगितलं तर पोरांना वाटतं म्हातारा फेकून राहिला. वरच्या तोंडाला मारवाड्याचं दुकान, खालच्या तोंडाला मशीद, मधात तुमची कल्हईची भट्टी अन् तिच्यासमोर आमचा बैलांचा गोठा. तुमच्या भिंतीला लागून तेलंगी विणकर, त्यांच्या मागं सरदारजीचा ट्रकचा कारखाना, अन् नाल्याच्या पलीकडं आपल्या दोस्ताची, गौतम्याची वस्ती. आपण गोट्या मोजायचो हिंदीत, शिव्या द्यायचो तेलगूत, अन् घरी मार खाताना सगळे मराठीत रडायचो. सरदारजीचा पोरगासुद्धा "आय गं" म्हणायचा. तवा कोणाला वाटलंच न्हाई की ही काही सांगण्यासारखी गोष्ट आहे. भट्टीचा भाता ओढायला मिळाला म्हणजे दिवस चांगला, न्हाई मिळाला म्हणजे वाईट, एवढंच.

अन् मोहरम आला की सगळ्या गल्लीला एकच काम. तुमच्या घराला चिकटून ती छोटी खोली होती, आशुरखाना. वर्षभर कुलूप. आत पितळेचा पंजा, मोठ्या माणसाच्या हाताएवढा, हिरव्या कपड्यात बांधून ठेवलेला. मोहरमात तो दांड्यावर चढवून बसवला की त्यालाच आपण सवारी म्हणायचो. कोणी घालून दिलं होतं ते तुझ्या बापालाबी माहीत नव्हतं अन् माझ्याबी, पण कायदा पक्का होता. पंजाचा कपडा सोडायचा तुमच्या घरानं. त्याला लावायचं चंदन उगाळायचं आमच्या घरच्या सहाणेवर. बसवायची तुमी, उचलून कयाधू नदीपत्तोर न्यायची आमी. तुमच्या घरचा माणूस दांड्याला हात लावत नव्हता अन् आमच्या घरचा कपड्याला. एक घर न्हाई म्हणालं तर दुसऱ्यानं गप बसायचं, सवारी उठत नव्हती. तशी पाळी कधी आलीच न्हाई. दोन बापांचं बैलाच्या शेणावरून बोलणं बंद होतं त्या साली सुद्धा तुझा बाप दारात उभा राहून दुसरीकडंच तोंड करून म्हणाला होता, "चंदन झालं का विचारा म्हणावं." अन् माझा बाप आतून म्हणाला, "सांगा म्हणावं, झालं."

मी तर त्या पंजाचाच. माझ्या आधीची लेकरं जगली न्हाईत. आयनं भर रस्त्यात सवारीपुढं लोळण घेतली, म्हणाली, "हे जगलं तर तुझं." मी जगलो. म्हणून नाव पिराजी, कानात चांदीची बाळी, अन् मोहरमात गळ्यात लाल-हिरवा गंडा घालून दारोदार मलिदा मागायचा. तू मला किती चिडवायचा. "तू हमारे पीर का माल है रे पिऱ्या, तेरे बाप कू बस संभालने कू दिया." मी तुला मारायला धावायचो, पण मनात मला ते आवडायचं. गल्लीत दोन-दोन घरांचा असा मी एकटाच होतो.

वाघाचं तुला आठवायचं का शेवटी? मी कधी काढलं न्हाई, तूबी न्हाई. मोहरमात पोरांना वाघ करायची रीत होती, नवस असला की. माझा होता. तुझा नव्हता, पण मी वाघ झालो अन् तू न्हाई हे कसं जमावं? तू रडून भट्टीसमोर आडवा पडला. मग दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्यानं दोघांना एका रांगेत उभं केलं. अंगभर तेलातली पिवडी, तिच्यावर काजळीचे पट्टे, कमरेला चिंध्यांची शेपटी. घाईत होता बिचारा. दोघांना अगदी एकसारखं रंगवून सोडलं. आपण दिवसभर गावभर नाचलो. मारवाड्याच्या सुनेनं खिडकीतून शेंगदाणे टाकले ते आपण हात न लावता तोंडानं उचलले, वाघ म्हणून.

संध्याकाळी अम्मा आली अन् दंडाला धरून मला ओढत नेलं. मोरीत बसवून घासलेटच्या फडक्यानं पायापासून घासायला सुरुवात. मी म्हणालो, "अम्मा, मैं..." एक चापट बसली. "मुं बंद कर! घासलेट जाता मुं में." घासत घासत ती गळ्यापत्तोर आली, कान पुसायला लागली अन् बाळीला बोट अडकलं. "या अल्ला! ये तो पिऱ्या है! मेरा बच्चा किधर गया?"

तिचा बच्चा आमच्या चुलीपुढं बसून तूप-गुळाची पोळी खाऊन राहिला होता. माझी आय त्याला विचारत होती, "आज काहून इतका गप रे? वाघाला बोलता येत न्हाई व्हय?" अन् तू नुसता गुरगुरत होता. बोलला की पकडला जाशील हे तुला बराबर कळत होतं. अम्मा दारात आली, मी तिच्या मागं, खालून माणूस अन् वरून वाघ.

"पिऱ्या की माँ, तेरे घर में कौन बैठा है?"

"कोण म्हणजे? माझं पोरगं."

"तेरा पोरगा मेरी मोरी में बैठा था! ये देख!"

तू आधी उरलेली पोळी सगळी तोंडात कोंबली, मग म्हणाला, "मैं हूँ अम्मा." आय अन् अम्मा दोघी हसून हसून उंबऱ्यावर बसल्या. आयनं पदरानं डोळे पुसले, म्हणाली, "राहू द्या हो, जेवू द्या. आता उपाशी न्याल तर मलाच नवस फेडावा लागंल." त्या दिवशी मला मात्र पोळी उरली न्हाई. मी ते विसरलो न्हाई, चांद्या. अजूनबी न्हाई.

सवारीपुढं हलगी असायची ती गौतम्याच्या बापाची. तो वाजवायला लागला की दांडा धरणाऱ्याचे पाय आपोआप उचलायचे. मग एका साली तो आला तो धुतलेली पांढरी कापडं घालून, हलगी न घेता. दारात उभा राहिला. म्हणाला, "आता आमी वाजवणार न्हाई. बघायला येऊ. वाजवायला न्हाई." त्यांच्या वस्तीत सगळ्यांनी तसं ठरवलं होतं. माझा बाप घुश्श्यात आला, "मग सवारी मुक्यानं न्यायची का?" तुझा बाप म्हणाला, "बराबर है उसका. किती दिवस वाजवंल तो?" अन् त्यानं भट्टीवरची तांब्याची परात तुझ्या हातात दिली. तू अन् मी कयाधूपत्तोर परात बडवत गेलो, अन् गौतम्याचा बाप पाहुण्यासारखा पुढं चालत होता, हात पाठीमागं बांधून. तवा मलाबी माझ्या बापासारखाच राग आला होता. आता वाटतं, एखादी गोष्ट सोडायची तर अशी सोडावी. ताठ मानेनं, दारात येऊन, तोंडावर सांगून.

तू तशी सोडली न्हाई. माझं भांडण तेवढंच होतं.

गल्ली कवा उठली ते सांगता येत न्हाई. कोणी कोणाला हाकललं न्हाई, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो. स्टीलची भांडी आली, तुमची भट्टी विझली, तू कुकरच्या शिट्ट्या अन् स्टोव्ह दुरुस्त करायला लागला. टेंपो आले, आमचे बैल गेले. तेलंगी माग बंद पडले तशी ती माणसं सोलापुराकडं निघून गेली, सरदारजीची पोरं नांदेडला. गौतम्या शिकला, साहेब झाला, त्यानं नव्या कॉलनीत चांगलं घर बांधलं, अन् बांधावंच. सगळ्यांचीच लेकरं मोठी झाली, घरं लहान पडली. पण प्लॉट बघायला गेलं की दाखवणारा पहिलं विचारतो, "बाबा, तुमी कोणते?" मग तो तुमाला तुमच्यातल्याकडं नेतो. असं करत करत सगळं गाव निवडून ठेवल्यासारखं झालं, डाळ एकीकडं अन् खडे एकीकडं. कोण डाळ अन् कोण खडे हे ज्याच्या त्याच्या सुपावर. मी मोठ्या पोराच्या घरी रेल्वे लाइनच्या पलीकडं गेलो, तू जुन्याच जागी राहिला. तिथं आता चौकात झेंडे इतके झाले की चिमणीला तारेवर बसायला जागा न्हाई.

तरीबी सवारी बसत होती. मी मोहरमाच्या आधी सहाण पिशवीत घालून रिक्षानं यायचो, तुझ्या ओट्यावर बसून चंदन उगाळायचो. तू कपडा सोडायचा. उचलायला मीच, कारण माझ्या पोरांनी कधीच हात काढून घेतला होता. शेवटच्या साली आपल्या मागं चार म्हातारे होते. चौकात एका बाजूला माझा नातू त्याच्या दोस्तांसोबत उभा. म्हणाला, "बाबा, तुमचं काय काम त्यात? लोक हसून राहिले." दुसऱ्या बाजूला तुझा सलीम अर्धं शटर ओढून दुकानात खाली मान घालून बसलेला. मी दोघांकडंबी पाहिलं न्हाई. दांड्याकडं पाहत चालत राहिलो. तू मात्र पाहिलं. आधी याच्याकडं, मग त्याच्याकडं. मला तवाच समजायला पाहिजे होतं.

पुढच्या साली मी सहाण घेऊन आलो तर आशुरखान्याला कुलूप. तू ओट्यावर बसलेला.

"नै बिठाता अब," तू म्हणाला.

"काहून?"

"बस. नै."

तिथून आपलं सुरू झालं ते त्या बुधवारपत्तोर. रोज तोच बाकडा, तोच चहा, तेच भांडण. हॉटेलवाला पोरगा आपल्याला पाहिलं की म्हणायचा, "आली बघा विधानसभा."

"सलीम बोलता ये अपने दीन में नै है," तू म्हणायचा. "खराब लडका है क्या वो? पाच वक्त का नमाजी. बाप के पाय दाबतो. उसकू क्या बोलूं मैं?"

"त्याला सांग, पिराजीकाका या पंजामुळं जिता आहे."

"बोल्या मैं. वो बोलता, काका की हड्डीच मजबूत है."

"मग माझ्या नावाचं काय?"

"बदल डाल. तेरा नातू अच्छा सा ढूंढ के देंगा, मोबाइल में."

आपण हसायचो अन् मग पुन्हा भांडायचो. एकदा मात्र तू हसला न्हाई. बशी खाली ठेवून म्हणाला, "पिऱ्या, ती दोन बाजूंनी धरायची गोष्ट होती. माझी बाजू सुटली, तुझीबी सुटली. आपण दोघं मधात लोंबकळून राहिलो. लोंबकळायची बी एक उमर असती." मी तुला भेकड म्हणालो. त्याबद्दल मी काही माफीबिफी मागणार न्हाई. तू तवा भेकडच होता.

तुझ्या मिट्टीला मी आलो होतो. नातूबी आला, डोक्यावर रुमाल बांधून, मी न सांगता. कबरस्तानात सगळे नवे चेहरे. एकानं सलीमला हळूच विचारलं, "ये चाचा कौन?" सलीम म्हणाला, "अब्बा के दोस्त." खोटं न्हाई त्यात काही. पण एके काळी त्या गर्दीत विचारायची गरज पडली नसती, मी कोण आहे ते. मी माती टाकली. हात झटकले. एवढंच.

मग परवा सलीम घरी आला, गाडीच्या हँडलला पिशवी अडकवून. सलाम केला, पाणी प्याला. मग पिशवीतून ते हिरवं गाठोडं काढलं.

"काका, घर में रखना जमता नै. मोहल्ले के बडे बोले, पानी में ठंडा कर दो. अम्मी बोली, पहले काका कू पूछ."

मी काही म्हणायच्या आत नातू पुढं आला. "बाबा, घ्या की. पाण्यात कशाला टाकायचं? आपल्या चौकात छोटं देऊळ बांधू, पोरं तयार आहेत. तुमचा नवस बी राहील."

दोघांच्या तोंडाकडं पाहिलं मी. दोन्ही पोरं मनानं चांगली. एक म्हणतो पाण्यात घाला, एक म्हणतो देवळात घाला, अन् दोघंबी म्हाताऱ्याचं मन राखायला बोलून राहिलेत. तुझ्याशी इतके दिवस भांडलो ते ती वस्तू माझ्या हातात यावी म्हणून न्हाई, चांद्या. सलीमनं ती समोर धरली होती, हात पुढं केला असता तर माझी झाली असती. पण एका घराची झाली की ती सवारी न्हाई. देवळात बसवला तर उद्या त्याला दुसरंच नाव पडंल, अन् तुझ्या घरच्या माणसाला त्याच्या समोरून जायची चोरी होईल. मी नातवाला म्हणालो, "न्हाई." अन् सलीमला म्हणालो, "कपडा तू सोडायचा. उचलीन मी. चल."

मोटारसायकलवर मागं बसलो, पंजाची पिशवी मांडीवर. अशी निघाली आपली सवारी. उन्हाची वेळ होती, रस्त्यावर कोणी वळूनबी पाहिलं न्हाई. कयाधूत पाणी कुठं आहे आता? वाळू उपसून उपसून खड्डे, त्यांत हिरवं साचलेलं पाणी. त्यातल्या त्यात बरा एक खड्डा पाहून आमी उतरलो. सलीमनं चपला काढल्या, खाली बसला अन् गाठ सोडली.

पंजा काळा पडला होता. बोटांच्या फटींत हिरवा गंज. साऱ्या गावाची भांडी चमकवलेला तू. म्हातारपणी सुद्धा हॉटेलवाल्याचा तांब्या काळा दिसला की राख मागून घासून द्यायचा, हात राहत नव्हते तुझे. अन् तुझ्या घरातला पंजा असा. म्हणजे कुलूप लावल्यापासून तू कपडा सोडलाच नव्हता. मला इतके दिवस वाटत होतं, तू वरून न्हाई म्हणून राहिला, अजून थोडं भांडलं तर वळशील. तू तर पहिल्याच दिवशी सवारी सोडून मोकळा झाला होता. मग रोज चालत बाकड्यापत्तोर यायचा कशाला? गुडघे दुखायचे तरी यायचा. बोलायचं म्हणून सगळं बोलायचा, अन् जिंकायचा सुद्धा न्हाई. माझ्याकडं भांडायला दुसरं काही उरलं न्हाई, हे तुला ठाऊक होतं, व्हय ना?

मी दोन्ही हातांनी पंजा उचलला. हलका लागला. सलीम म्हणाला, "काका, कुछ पढना पडता क्या?"

 तुझा बाप गुडघाभर पाण्यात जाऊन काहीतरी पुटपुटायचा, नंतर तूबी पुटपुटायचा. आमी काठावर उभे राहायचो. ते तुमच्या घराचं काम होतं, आमी कधी विचारलं न्हाई, तुमी कधी सांगितलं न्हाई. मला वाटलं सलीमला येत असंल. त्याला वाटलं मला येत असंल.

"अब्बाने सिखाया नै," तो म्हणाला. 

"मलाबी माहीत न्हाई, बाळा."

मग तसाच सोडला. पाणी घोट्याएवढंच होतं, पंजा बुडेना, बोटं वर दिसत राहिली. सलीम पाण्यात उतरला अन् पायानं गाळ ओढून ओढून त्याच्यावर घातला, अन् रडला. मी रडलो न्हाई. मी आठवून पाहत होतो, एखादा तरी शब्द कानावर पडला असंल म्हणून. इतकी वर्षं काठावर उभा होतो मी.

काय म्हणायचा रे तू तिथं, चांद्या?